राख, बोटभर

सांगलीच्या कार्यालयात पंखा बंद करून
मी अकरा विहिरी टेबलावर मांडल्या.
कागदाच्या पट्ट्या, वर गावाचं नाव, कडेला फूट.
पंखा चालू ठेवला की तुरची उडते
आणि ब्रह्मनाळच्या पलीकडे जाऊन पडते.

नोंदी दस्तगीर मुलाणींच्या.
चाळीस वर्षं येरळाकाठी विहिरी पाडल्या त्यांनी,
आणि प्रत्येकीचं पोट वहीत उतरवलं, पेन्सिलीनं :
काळी, बारा फूट. मग शाडू.
मग हरभऱ्याच्या डाळीएवढी वाळू.
चुनखडे. गोटे. पाणी गोड.
एके ठिकाणी, एकसष्ट फुटांसमोर :
काळा पाषाण लागला, मालकाचं तोंड उतरलं.
तेही मी पट्टीवर लिहिलं.
गाळ तिथे संपतो.

पहिल्या दिवशी सगळंच चुकलं.
वाळूला वाळू जोडली, गोट्यांना गोटे,
तर रेघा अशा वरखाली
जशी खाली जमीन नाहीच, कुणी सूप पाखडतंय.
संध्याकाळी कळलं,
जो तो आपल्याच काठापासून मोजतो.
आळसंदची विहीर माळावर, वसगड्याची नदीच्या कुशीत,
निमणीच्या मालकानं तर तीन फुटांचा कठडा बांधलेला
आणि टेप तिथून सोडलेली.

पट्ट्या सोडवल्या.
समुद्रसपाटी नावाची एक दोरी ताणली
(समुद्र इथून कुणालाच दिसत नाही)
आणि तिच्यावर अकरा गावं वाळत घातली.

आता गोटे जुळले.
इतके सुरेख जुळले की मी चहा मागवला.
एकच थर, आळसंद ते ब्रह्मनाळ, सलग,
निळ्या पेन्सिलीनं रंगवून टाकला.

मुलाणी मंगळवारी आले, नातवाच्या गाडीवरून,
एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, दुसरा अजून धुकट.
कागदाला नाक लावून बराच वेळ बघितलं.
"ताई, राख सोडलीसा व्हय?"

राख मी सोडली होती.
मला वाटलं चुलीतली,
मजुरांनी दुपारी भाकरी भाजली असेल.
वही पुन्हा उघडली. राख, बोटभर.
तुरची, पस्तीस फूट : राख, बोटभर, पांढुरकी.
निमणी : राख. बाया भांडी घासायला घेऊन गेल्या.
आळसंद : राख. पितळ लई चकाकतं.

कुठला डोंगर कुठे फुटला, किती हजार वर्षांमागे,
मला सांगता येणार नाही.
पण ती सगळीकडे एकाच आठवड्यात पडली असणार,
आळसंदवर आणि तुरचीवर,
जेव्हा आळसंद नव्हतं, तुरची नव्हती, पितळ नव्हतं.

मी राखेची रेघ ओढली, लाल.
आणि माझा निळा थर मधोमध फाटला.
आळसंदचे गोटे राखेखाली.
ब्रह्मनाळचे राखेवर.
दिसायला सख्खे भाऊ,
मधे एवढा काळ गेलेला
की एकाला दुसऱ्याची खबर नाही.
नदी आधी तिकडून वाहत होती, मग इकडून.
दोन्ही वेळा तिनं तेच केलं,
जड होतं ते टाकलं आणि पुढे गेली.

खोडरबरानं निळा पुसताना कागद थोडा फाटला.

राहिली वसगड्याची विहीर.
तिच्यात राखच नाही.
मुलाणींना विचारलं.
ते खिडकीबाहेर बघत राहिले, धुकट डोळ्यानं की बऱ्या, कळलं नाही.
"नदीनं धुवून न्हेली आसंल," म्हणाले.
"न्हाईतर मी जेवाय गेलो आसंन."

निमणीपासून वसगड्यापर्यंत मी तुटक रेघ ओढली,
वर प्रश्नचिन्ह, पेन्सिलीनंच.
मग पंखा लावला
आणि अकरा गावांवर हात ठेवून बसले.